चार दिवस समुद्राकाठी



बैलाच्या मानेवर आपण वर्षातून एक दिवस जू ठेवीत नाही. बेंदूर असो की पोळा, त्या दिवशी त्याला न्हाऊ घालतो, शिंगे रंगवतो, पुरणपोळीचा घास देतो. थकलेले रान एखादा हंगाम पड टाकतो. मग घरातल्या माणसांचा बेंदूर कोणता?

गावोगावच्या बैठकांत मी हा प्रश्न विचारून पाहिला आहे. लग्न, मयत आणि दवाखाना सोडून सलग चार रात्री घराबाहेर कधी राहिला होता? गडीमाणसे आठवत बसतात, कोणी पंढरीची वारी सांगतो. बायका आधी हसतात. मग एखादी हळूच म्हणते, "बाळंतपणाला माहेरी गेले होते तेव्हा." तिचा मुलगा आता मिसरूड फुटलेला असतो.

या सदरात आपण खते, बियाणे, फवारणी यांविषयी बोलतो. आज सहलीचे बोलणार आहे, आणि तेही शेतीचेच बोलणे आहे. अंग आणि मन आंबले की कामात चुका होतात, घरात शब्दाला शब्द लागतो, आणि उसने अवसान आणून माणूस आणखी एक हंगाम रेटतो. त्यापेक्षा वर्षातून चार दिवस सर्व कुटुंबाने समुद्राकाठच्या एखाद्या शांत गावी जावे. दहा देवळे आणि पाच किल्ले चार दिवसांत उरकणारी धावपळ नको. एकाच गावी मुक्काम करावा.

केव्हा निघावे

ज्वारीची खळी उरकल्यावर गुढीपाडव्याच्या आधीचा आठवडा घाटावरच्या कुटुंबाला सोयीचा. धान्य घरात आलेले असते, उन्हाळी नांगरटीला अवकाश असतो आणि कोकणातला उकाडा अजून सोसण्यासारखा असतो. परीक्षेची मुले घरात असतील तर दिवाळीनंतर, रब्बीची पेर आटोपल्यावर जावे. पावसाळ्यात मात्र ही सहल नको. समुद्र खवळलेला असतो, किल्ल्यांकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते.

निघण्याचा वार सोमवार किंवा मंगळवार धरा. शनिवार-रविवारी शहरातली मंडळी गाड्या भरून येतात, तेव्हा खोल्या महाग होतात आणि शांतता नाहीशी होते. आपल्याला रविवारची सुट्टी लागत नाही, याचा एकदा तरी फायदा घ्यावा.

गोठ्याचे काय करायचे

सहल अडते ती पैशापेक्षा गोठ्यापायी. यावर जुना उपाय सावडीचा. पेरणीला, काढणीला आपण सावड करतो, तशीच विसाव्याची करावी. यंदा शेजाऱ्याने आपली जनावरे सांभाळावीत, पुढच्या वेळी आपण त्याची. दुभत्या गाईला परका हात चालत नाही, ती पान्हा चोरते. म्हणून निघण्याआधी तीन दिवस शेजाऱ्यालाच धारेला बसवा आणि आपण जवळ उभे राहा. वैरण मोजून, पेंड्या वेगळ्या रचून ठेवा. पेंडीचे माप लिहून गोठ्याच्या खांबाला लावा. पशुवैद्याचा फोन नंबरही तिथेच हवा. गाय पंधरवड्यात विणार असेल तर सहल पुढे ढकला.

पैशाचे म्हणाल तर पीककर्जाला हात लावू नका. दुधाच्या प्रत्येक बिलातून थोडी रक्कम बाजूला काढत गेले की वर्षात चार दिवसांची सोय होते. एसटीने गेल्यास प्रवास स्वस्तात होतो. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट पडते आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास मोफत आहे. आजी-आजोबांचे आधार कार्ड तेवढे विसरू नका.

कुठे जावे

कोकण किनारा मोठा आहे. मी आज एकच जागा सांगतो, रत्नागिरी जिल्ह्यातला दापोली तालुका. शेतकऱ्याला पाहण्यासारखे आणि नुसते बसण्यासारखे, दोन्ही तिथे जवळजवळ आहे. कराड-पाटणकडून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, खेड आणि दापोली असा रस्ता आहे. पुण्याकडून ताम्हिणी घाटाने माणगाव आणि पुढे मंडणगडमार्गे येता येते. रेल्वेने आल्यास कोकण रेल्वेचे खेड स्टेशन गाठावे, तिथून दापोली सुमारे तीस किलोमीटर.

दापोलीहून खाली उतरले की कर्दे, मुरुड, हर्णै आणि खाडीपलीकडे आंजर्ले अशी किनाऱ्याची गावे लागतात. चौकशी करताना "दापोलीचे मुरुड" असे स्पष्ट सांगा. एक मुरुड जंजिऱ्याजवळ आहे आणि एक लातूरकडे. या गावांत घरगुती राहण्या-जेवण्याची सोय होते. भाव आधी ठरवावा, जेवण धरून की जेवणाशिवाय हे विचारावे. माळकरी मंडळींनी जेवणाची चिंता करू नये. कुळथाचे पिठले, फणसाची भाजी, घावन, सोलकढी आणि आधी सांगून ठेवल्यास उकडीचे मोदक मिळतात.

एक अट मात्र पाळाच. स्टोव्ह आणि भांडी बांधून नेऊ नका. पैसे वाचवण्यासाठी तिथे जाऊनही घरच्या बाईने भाकऱ्या थापायच्या, तर तिची सहल कसली? चार दिवस तिने चुलीजवळ जाऊ नये आणि बसल्या जागी तिला गरम ताट मिळावे. बाकी काही पाहणे राहिले तरी चालेल, एवढे चुकवू नका.

भरती-ओहोटीचे गणित

समुद्राकाठचा दिवस घड्याळाने चालत नाही, भरती-ओहोटीने चालतो. दिवस-रात्रीत दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते. रोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आपल्याला तिथी माहीत असते, त्यामुळे हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजाने कळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. त्यापुढे सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. गावागणिक तासाभराचा फरक पडतो, म्हणून नेमकी वेळ तिथल्या कोळ्यालाच विचारा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी फार चढते आणि फार उतरते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी असतो, त्याला भांग म्हणतात. आजी-आजोबा आणि लहान मुले बरोबर असतील तर भांगाचे दिवस निवडावेत.

पाण्याची शिस्त

हा भाग मुलांना वाचून दाखवा. आपली पोरे विहिरीत मुटके मारून आणि कालव्यात डुंबून पोहायला शिकलेली असतात. तो पोहणारा समुद्रात अधिक धोक्यात असतो, कारण त्याला भीती वाटत नाही. विहिरीचे पाणी एका जागी असते. समुद्राचे पाणी ओढते.

लाटांनी काठावर आणलेले पाणी कुठेतरी वाट काढून परत आत जात असते. ज्या पट्ट्यात लाटा फुटताना दिसत नाहीत आणि पाणी शांत भासते, तीच बहुधा ती वाट. नवखा माणूस शांत पाणी पाहून नेमका तिथेच उतरतो. अशा ओढीत सापडल्यास काठाकडे तोंड करून झुंजू नये. चांगला पोहणाराही दमतो आणि बुडतो. घाबरून न जाता तरंगत राहावे, हात वर करून हाक मारावी आणि जमेल तसे काठाला समांतर, आडवे सरकावे. ओढीचा पट्टा बहुधा अरुंद असतो. त्याच्या बाहेर पडले की लाटाच काठाकडे आणतात. कोणी बुडताना दिसला तर त्याच्यामागे धावत पाण्यात शिरू नका. एकाच्या मागे दुसरा जातो आणि घरातले दोघे जातात. दोर, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेकावे, कोळ्यांना हाक मारावी आणि ११२ वर फोन करावा.

बाकीचे नियम सोपे आहेत. ओहोटी लागल्यावर पाण्यात शिरू नये. गुडघ्याच्या वर जाऊ नये. खाडीच्या मुखाशी आणि खडकांवर उभे राहू नये. दिवस मावळल्यावर पाण्यात पाय नको, आणि दारू प्यायलेल्या माणसाला किनाऱ्यावरच नको. बायकांनी नेसत्या लुगड्याने खोल जाऊ नये, भिजलेले वस्त्र पायाला विळखा घालते. ओल्या वाळूत बसावे, लाट आपणहून पायाशी येते. म्हाताऱ्या माणसाला तेवढेच पुरते.

चार दिवस काय करावे

पहिल्या दिवशी काहीच करू नये. प्रवासाने अंग आंबलेले असते. सुरूच्या बनात सतरंजी टाकून पडावे. ही सुरूची झाडे नुसती शोभेची नाहीत. वारा अडवून आणि वाळू धरून ती मागच्या बागांना आडोसा देतात. आपण बांधावर शेवरी लावतो, त्याच जातीचे हे काम. संध्याकाळी ओहोटीच्या ओल्या वाळूवर अनवाणी चालावे. बारीक खेकड्यांनी वाळूच्या गोळ्या करून काढलेली रांगोळी दिसेल. मुलांना ती कितीही वेळ पुरते. रिकामे शिंपले वेचावेत, आत जीव असेल तो परत पाण्यात सोडावा.

दुसऱ्या दिवशी हर्णैला मासळीचा लिलाव पाहावा. तुम्ही मासे खात नसलात तरी पाहा. होड्या थोड्या दूर उभ्या राहतात, आणि बैलगाड्या पाण्यात घालून मासळी काठावर आणायची इथली जुनी रीत आहे. समुद्रात उतरलेली बैलजोडी पाहून घाटावरचा माणूस थक्क होतो. मग वाळूवर मासळीचे ढीग पडतात आणि बोली सुरू होते. व्यवहारात बायका पुढे असतात आणि त्यांच्या बोलण्याला धार असते. माल नाशवंत, साठवायला जागा नाही आणि भाव घेणारा ठरवणार, हे सारे तुम्हाला ओळखीचे वाटेल. टोमॅटोची क्रेट घेऊन बाजार समितीत उभे राहिल्यासारखेच ते आहे. शक्य झाल्यास एखाद्या कोळ्याशी दोन शब्द बोला. डिझेलचा खर्च, तांडेल-खलाशांचा वाटा, रिकाम्या हाताने परतलेल्या फेऱ्या ऐकल्या की आपले दुःख एकट्याचे नाही हे कळते.

समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. शिवाजी महाराजांच्या आरमारातला हा किल्ला. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे ते एक मोठे ठाणे झाले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत हाही आहे. समुद्र शांत असेल तर होडीने जाता येते. होडीत बसताना जीवरक्षक जाकीट मागून घ्या, नसेल तर बसू नका.

तिसरा दिवस शेतीचा. दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ आहे. १८ मे १९७२ रोजी ते स्थापन झाले, आता डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव त्याला आहे. आधी कळवून गेल्यास रोपवाटिका आणि बागा पाहायला मिळतात. आंब्याचे कोयकलम कसे बांधतात ते मुलांना दाखवा. या विद्यापीठाने १९८१ मध्ये 'रत्ना' हा आंबा दिला, तो नीलम आणि हापूस यांचा संकर. हापूस कापल्यावर आत जो साका निघतो, तो या फळात नसतो. मात्र मोहात पडून या दिवसांत कलमे घरी नेऊ नका. चैत्र-वैशाखाच्या उन्हात ती जळतील. नाव-गाव लिहून आणा, लागण पावसाच्या तोंडावर करा. आणि हापूस घाटावर कोकणासारखा फळत नाही, आपल्याकडे केशर बरा, हेही ध्यानात असू द्या.

परतताना आसूदला थांबा. नारळी-पोफळीच्या दाट बागेतून पायऱ्या चढून केशवराजाच्या देवळात जाता येते. गोमुखातून डोंगराचे पाणी वाहत असते. बागेत उभे राहून वर पाहा. नारळाखाली पोफळ, पोफळीवर चढलेला मिरीचा वेल, सावलीत जायफळ, एकाच जमिनीतून तीन-चार मजल्यांचे पीक. यालाच विद्यापीठाने 'लाखी बाग' असे नाव देऊन शास्त्रशुद्ध रूप दिले. याच मुलखात श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' ही कादंबरी घडते. घरात वाचणारे कोणी असेल तर ती बरोबर न्यावी.

एक गोष्ट विचार करायला लावील. दापोलीला वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या माण-खटाव, जत, आटपाडीकडे पाचशे पडला तरी आपण नारळ वाहतो. तरीही चैत्र-वैशाखात कोकणातल्या कितीतरी वाड्यांवर बायकांच्या डोक्यावर हंडे दिसतात. जांभ्या दगडातून पाणी झिरपून जाते, उतारावरून वाहते आणि समुद्राला मिळते. पाऊस किती पडला यापेक्षा किती अडवला हा हिशेब खरा. समतल बांध, शेततळे यांविषयी मी बैठकीत तासभर बोलतो, ते तिथे एका नजरेत समजते.

चौथ्या दिवशी पहाटे लवकर उठून आंजर्ल्याला जा, किंवा वेळ असेल तर मंडणगड तालुक्यातल्या वेळासला. कासवाची मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले निघतात. पूर्वी ही अंडी कुत्री, कोल्हे आणि माणसेही पळवीत. २००२ पासून वेळासच्या गावकऱ्यांनी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या साथीने ती राखायला सुरुवात केली, आणि हे काम पुढे आंजर्ल्यासारख्या इतर गावांतही रुजले. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात सकाळ-संध्याकाळी पिल्ले समुद्रात सोडतात. रोज निघतीलच असे नाही, चौकशी करून जा. तळहातावर मावेल एवढे ते पिल्लू लाटेकडे सरसर निघते. हात लावू नका, बॅटरी मारू नका, शांत उभे राहून पाहा.

परतीच्या वाटेवर मुलांसाठी दोन ठिकाणे आहेत. मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. लहानपणी परीक्षेसाठी ते इथून सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परत पाठवले गेले. त्याच माणसाने १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे केले आणि १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. शाळेला कंटाळलेल्या पोराला हे तिथल्या मातीवर उभे करून सांगा. दुसरे ठिकाण पालगड, साने गुरुजींचे जन्मगाव. 'श्यामची आई'मधले घर ते हेच. तिथे घरातल्या आईलाच आधी आत जाऊ द्या.

येताना काय आणावे

कोकम, आमसुले, थोडे काजू, आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीचा प्रसाद आणि सावड करणाऱ्या शेजाऱ्यासाठी एक शहाळे. प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाटल्या तिथे टाकून येऊ नका. भरती त्या घेऊन जाते आणि कोळ्याच्या जाळ्यात घालते.

घरी आल्यावर काही दिवसांनी बायकोला विचारा, सहलीत काय आवडले? ती किल्ल्याचे सांगेल, कासवाचे सांगेल, किंवा कदाचित एवढेच म्हणेल की चार दिवस सकाळी आपल्याला कोणी उठवले नाही. तसे म्हणाली तर पुढच्या वर्षाची रक्कम येत्या दुधाच्या बिलापासूनच बाजूला काढायला लागा.

पुढच्या अंकात उन्हाळी भुईमुगाला पाणी केव्हा आणि किती द्यावे ते पाहू.